एकूण प्रत आणि पृष्ठीय तेजस्विता: गच्चीवरून कोणती दीर्घिका टिपावी?

एम 101 आणि एम 104 या मेसिएच्या यादीतल्या दोन दीर्घिका. एम 101 ची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी), 7.9 आणि एम 104 ची 8. दोन्ही 1781 मध्ये पिएर मेशँ यांनी शोधलेल्या. नागपूरहून दोन्ही सर्वात उंच असताना क्षितिजापासून साधारण 57 अंशांवर येतात. पहिली उत्तरेला सप्तर्षीच्या शेपटीपाशी, दुसरी दक्षिणेला हस्त आणि चित्रा यांच्या मधोमध. तरीही धरमपेठेतल्या गच्चीवरून एम 104 पहिल्याच फ्रेममध्ये दिसू शकते आणि एम 101 च्या जागी नुसतं करडं आकाश येतं. यात कॅमेऱ्याचा काही दोष नसतो.

यादीत छापलेली प्रत ही दीर्घिकेच्या सगळ्या प्रकाशाची बेरीज असते. तो प्रकाश किती जागेवर पसरलाय, हे ती सांगत नाही. ते सांगते पृष्ठीय तेजस्विता. एम 101 जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढी रुंद, तर एम 104 एक चिंचोळी पट्टी. क्षेत्रफळात सुमारे 25 पट फरक. तेवढंच तूप एका पोळीला लावा किंवा पंचवीस पोळ्यांना! हिशेब केला तर दर चौरस विकलेमागे (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) एम 104 ची सरासरी प्रत 20.3 येते, एम 101 ची 23.7. शहराचं आकाश याच मापात 18 धरलं, तर एम 101 चा प्रकाश त्या उजेडाच्या अर्धा टक्का उरतो.

दुर्बीण मोठी घेतली तरी हे गुणोत्तर बदलत नाही, कारण आकाशाचा उजेडही तेवढाच जास्त गोळा होतो. नॅरोबँड फिल्टर, म्हणजे ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणारी काच, तेजोमेघांना तारतो, पण दीर्घिकेचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला; फिल्टर तोही कापतो. फार तर एम 101 च्या भुजांमधले हायड्रोजनचे गुलाबी ठिपके उठून येतील.

उपाय दोनच: भरपूर एक्सपोजर, नाहीतर काळोख. आकाश 18 वरून 21 वर गेलं की तोच दर्जा मिळवायला वेळ सुमारे सोळापट कमी लागतो. म्हणजे अंधाऱ्या जागी एका तासात जे मिळेल, त्यासाठी गच्चीवर सोळा तासांच्या फ्रेम स्टॅक कराव्या, म्हणजे एकावर एक रचाव्या लागतील. म्हणून माझा आग्रह असा: एम 104 घरून टिपा, एम 101 साठी अमावास्येच्या आसपास रामटेकच्या पुढे, पेंचच्या बाजूला जा. एम 51, एम 81 किंवा एम 33 निवडतानाही आधी प्रत आणि आकार दोन्ही बघा. एम 33 ची प्रत तर 5.7 आहे, पण ती चंद्राहूनही मोठी पसरलेली आहे, तेव्हा तिच्यासाठीही गाडी काढावीच लागेल.