जामची वडी (इंदुरी, बेक केलेली)

जामची वडी म्हणजे मैदा, बटर आणि साखरेचा खुसखुशीत थर, त्यावर फळाचा घट्ट जॅम, त्यावर सुकामेवा आणि चुरा घालून ओव्हनमधे भाजलेला आणि थंड झाल्यावर चौकोनी कापलेला गोड पदार्थ. यात अंडं नाही, बेकिंग पावडर नाही, मिक्सर नाही, म्हणून घरी केक न करणाऱ्यांनाही पहिल्या-दुसऱ्या वेळेत जमतो. अमेरिकेत अशा पदार्थांना बार म्हणतात, इंग्लंडात ट्रेबेक, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे स्लाइस. आपल्याकडे ताटात थापून चौकोनी कापलेल्या गोष्टीला वडी हा शब्द आधीपासून आहेच, तो इथे चपखल बसतो, त्यामुळे इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांतून मी तरी "बार" पेक्षा "वडी" च जास्त ऐकलंय.

आता नावातला "जाम". इंदूरला, खरं तर सगळ्या माळव्यातच, जाम म्हणजे पेरू. जामफळचं छोटं रूप. थंडीत चौकाचौकात ठेल्यावर हिरवे-पिवळे जाम रचून ठेवलेले असतात, ठेलेवाला चार फाका करून त्यात मसाला भरून देतो. त्यामुळे पेरूच्या जॅमला इथे सरळ "जामचा जॅम" म्हणतात आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास गोंधळतात. माझी आत्या पहिल्यांदा आली तेव्हा आई म्हणाली, वन्सं, जामचा जॅम घातलाय बघा, तर आत्या म्हणे, "अगं वहिनी, जॅमचाच जॅम कसा असेल?" मग ठेल्यावर नेऊन दाखवावं लागलं.

ही वडी कुठल्याही फळाच्या जॅमची होते पण इंदूरमधे ती जामचीच करावी असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणं आवडीनिवडीच्या पलीकडची आहेत. एक तर पेरूत पेक्टिन भरपूर. पेक्टिन म्हणजे फळातला तो चिकट घटक जो साखर आणि आंबटपणा मिळाला की जाळी धरतो आणि जॅम गोठतो. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी म्हणून तिचा जॅम सैल राहतो, पेरूचा मात्र बाहेरून काही न घालता इतका घट्ट होतो की गोव्यात त्याची कापता येईल अशी पेराड करतात. दुसरं कारण हवामानाचं. जामचा मुख्य सीझन थंडीचा, आणि बटरचं पीठ मळायला बरी हवाही थंडीचीच. बटर ३२ ते ३५ डिग्रीच्या आसपास वितळतं, इंदूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मैद्यात बटर चोळायला घेतलं की पाच मिनिटांत तेलकट गोळा होतो आणि भाजल्यावर वडी खुसखुशीत न होता कडक होते. डिसेंबर-जानेवारीत हात गार, ओटा गार, बटर गार, आणि दारात जाम. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात आपोआप हाताशी येतात, वडीला अजून काय पाहिजे.

या घराण्याचा जुना नातेवाईक म्हणजे ऑस्ट्रियातल्या लिंझ गावचा केक, सुकामेव्याच्या पिठाचा, वर लाल करंट बेरीचा जॅम आणि जाळीसारख्या पट्ट्या. त्याची कृती १६५३ च्या हस्तलिखितात सापडते. आपल्याकडच्या बाजूने बघितलं तर दोन धागे जुळतात. एक साखरांबा-गुळांब्याचा, फळ साखरेत किंवा गुळात शिजवून टिकवायची विद्या आपल्या आज्यांना जॅमचं नाव माहीत नसतानाही होतीच. होळकरांनी १८१८ मधे राजधानी इंदूरला आणली, त्यांच्या पदरी आलेल्या मराठी घरांबरोबर हे सगळं स्वैपाकघरही इथे रुजलं. दुसरा धागा नानकटाईचा. दिवाळीच्या आधी घरून मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घालून बेकरीच्या भट्टीवर न्यायची, तिथे नंबर लावून बसायचं आणि पत्र्याच्या डब्यात गरम नानकटाई भरून आणायची. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतल्या बायका एकत्र जायच्या. वडीचा खालचा थर म्हणजे हीच नानकटाई, फक्त गोळे न करता डब्यात थापलेली.

प्रमाण वजनात लक्षात ठेवावं, ३:२:१, म्हणजे तीन भाग मैदा, दोन भाग बटर, एक भाग पिठीसाखर. २० सेंटीमीटरच्या चौकोनी टिनला २१० ग्रॅम मैदा, १४० ग्रॅम बटर, ७० ग्रॅम साखर बरोबर पुरते. वाटीच्या मापाने करू नये, वाटीत मैदा दाबून भरला की हलका भरला यावर सगळं बदलतं. बटर खारट असेल तर वेगळं मीठ नको. तुपातही उत्तम होते, खरं म्हणजे वास तुपाचाच छान येतो, पण बटरमधे १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि तुपात जवळजवळ नसतंच म्हणून तूप ११५ ग्रॅमच घ्यायचं आणि पीठ बांधायला चमचा-दोन चमचे दूध लागतं. गार बटर मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळवा लावायचा नाही, रव्यासारखं दिसलं की थांबायचं. मळायचं तर अजिबात नाही, मळलं की मैद्याला चिवटपणा येतो.

जॅमवर मात्र थोडा वेळ द्यावा, वडीचा जीव तिथेच आहे. एक किलो जाम, पिकलेले जास्त आणि थोडे करकरीत (अर्धकच्च्यात पेक्टिन जास्त असतं), चिरून बुडेल इतक्याच पाण्यात १५-२० मिनिटं शिजवायचे आणि चाळणीवर चमच्याने घासून गर काढायचा, बिया वर राहतात. बिया राहिल्या तर वडी खाताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं म्हणून इथे आळस नको. गराचं वजन करून त्याच्या पाऊणपट साखर आणि दोन लिंबांचा रस. लिंबू चवीपुरतं नसतं हे लक्षात ठेवा, पेक्टिनला जाळी धरायला आंबटपणा लागतोच आणि जाम गोड फळ आहे. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्यावं, लोखंडी कढईत आंबट गर काळा पडतो. उकळायला लागला की गर फुटफुट उडतो आणि हातावर पडला तर जबरदस्त चटका बसतो, लांब दांड्याचा उलथना घ्यावा.

जॅम झाला कधी ते ओळखायचे दोन मार्ग. थर्मामीटर असेल तर पुस्तकांत १०४-१०५ डिग्री दिलेलं असतं, पण ते समुद्रकिनाऱ्याच्या गावाचं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, इथे पाणीच ९८ च्या आसपास उकळतं, तेव्हा जॅम १०३ लाच तयार असतो, १०५ ची वाट बघत बसलं तर खाली लागतो. थर्मामीटर नसेल तर फ्रिजमधे ठेवलेल्या ताटलीत थेंब टाकून बोटाने ढकलायचा, वर सुरकुती पडली की पोळीला लावायचा जॅम झाला. वडीसाठी त्याच्याही जरा पुढे, उलथना पातेल्याच्या बुडावरून फिरवला की वाट पडते आणि ती दोन सेकंद उघडी राहते, मग हळूहळू बुजते. ती वाट दिसली की गॅस बंद.

हे इतकं सांगायचं कारण म्हणजे पहिल्या वेळी मी दुकानातला मिक्स फ्रूट जॅम वापरला होता, तो गरम होताच पातळ झाला, उकळून कडेने खाली उतरला आणि टिनच्या कोपऱ्यात जळून दगड झाला, वड्या निघाल्याच नाहीत, चमच्याने खरवडून खाल्ल्या. बाजारचाच जॅम वापरायचा असेल तर आधी पातेल्यात थोडा आटवून, पूर्ण गार करून घ्यावा, आणि कोणताही जॅम असो, कडेला एक सेंटीमीटर जागा सोडून पसरावा.

सुकामेवा ७५ ग्रॅम पुरतो. इथल्या सियागंज बाजारातल्या दुकानात सुटा मिळतो, तुकडा काजू घ्यावा, अख्ख्याची गरज नाही कारण कापायचाच आहे. जामबरोबर अक्रोड मला सगळ्यात आवडतो, त्याचा किंचित कडवटपणा गोडाला आवर घालतो. पण अक्रोड लवकर खवट होतो, वापरायच्या आधी एक तुकडा खाऊन बघावा, एक खवट अक्रोड सगळी वडी बिघडवतो. बदामाचे काप दिसायला सुंदर. आणि भाजलेले, सालं काढलेले शेंगदाणे भरड कुटून घातले तर तेही कमी नाहीत, संक्रांतीच्या दिवसांत वरून मूठभर तीळही घालतात.

बाकी सोपं आहे. टिनला बटर पेपर असा लावायचा की दोन बाजूंनी बाहेर येईल, नंतर त्यालाच धरून सगळं उचलता येतं. पिठाचे तीन भाग करून दोन खाली घट्ट थापायचे, वाटीच्या बुडाने दाबलं की सारखं होतं, काट्याने टोचे मारायचे आणि १८० डिग्रीवर आधीच तापवलेल्या ओव्हनमधे १५ मिनिटं भाजायचं. खालचा थर आधी न भाजता सगळं एकदम ठेवलं तर जॅमच्या ओलाव्याने तो कच्चा राहतो. मग २५० ग्रॅम जॅम, सुकामेवा, वरून उरलेल्या पिठाचा चुरा, आणि परत २५ ते ३० मिनिटं, वर बदामी रंग येईपर्यंत. सुकामेवा चुऱ्याच्या खाली थोडा झाकलेला ठेवावा, उघडा राहिला तर तो आधी करपतो.

ओव्हन नसेल तर प्रेशर कुकरमधे मिठाचा थर घालून, शिट्टी आणि रिंग काढून, दहा मिनिटं तापवून छोट्या टिनमधे करता येते. वेळ दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतो आणि आच खालूनच असल्यामुळे वरचा चुरा पांढुरका राहतो. चवीत फार फरक पडत नाही, तव्यावर थोडा चुरा वेगळा परतून वरून भुरभुरवला तर रंगाचंही काम होतं.

कापायची घाई हीच सगळ्यात मोठी चूक. घरभर वास सुटलेला असतो, मुलं ओट्यापाशी उभी असतात, पण गरम वडी कापली की जॅम वाहतो आणि थर तुटतो. आल्याच्या किंवा खोबऱ्याच्या वड्यांवर आपण गरम असतानाच रेघा मारतो, तो नियम इथे उलटा आहे. निदान दोन तास टिनमधेच राहू द्यावी, मग पेपरसकट पाटावर घेऊन लांब सुरीने, ओढत न नेता सरळ खाली दाबत कापावी आणि दर कापानंतर सुरी ओल्या फडक्याने पुसावी. चार बाय चार, सोळा वड्या होतात. कडेच्या वड्या कुरकुरीत, मधल्या मऊ.

दुसऱ्या दिवशी वडी जास्त छान लागते, जॅमचा ओलावा थोडा खाली उतरून थर जुळून येतो. थंडीत घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस बाहेर राहते, थरांच्या मधे बटर पेपर घालावा. उन्हाळ्यात फ्रिजमधेच, खायच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर काढून. जॅम मात्र जानेवारीतच दोन बरण्या जास्तीचा करून ठेवावा, फेब्रुवारी संपता संपता ठेल्यांवरचे चांगले जाम कमी व्हायला लागतात.