पंधरा अक्षरांचा चोरबाजार

स्टीम या ऑनलाइन दुकानातल्या कॉम्प्युटर गेमचा कोड म्हणजे बहुतेक वेळा पाच-पाचच्या तीन गटांतली पंधरा अक्षरं. खात्यात टाकली, की गेम तुमचा. स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी हे कोड गेम बनवणाऱ्या स्टुडिओंना फुकट देते आणि ते बाहेर विकले तर कमिशनही घेत नाही. त्यामुळे छोटे स्टुडिओ स्वतःच्या वेबसाइटवरूनही ते विकू लागले. गोम एवढीच, की कोड कुठून आला हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं.

2010 मध्ये पोलंडमध्ये सुरू झालेल्या जीटूएसारख्या बाजारात कोणालाही कोड विकायला मांडता येत. चोरांनी त्यातच वाट काढली. चोरलेल्या कार्डावर स्टुडिओकडून पाच-पन्नास कोड उचलायचे, निम्म्या भावात विकायचे आणि मोकळं व्हायचं. पुढे कार्डाचा खरा मालक स्टेटमेंट बघून हादरतो. बँक स्टुडिओकडून पैसे परत घेते, वर शुल्कही लावते. हाच तो चार्जबॅक. आता कोड रद्द करावा, तर रोख पैसे मोजलेलं गिऱ्हाईक स्टुडिओलाच शिव्या घालतं. न करावा, तर मालही गेला आणि पैसेही.

जानेवारी 2015 मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने 'फार क्राय 4'चे असे कोड रद्द केले. लोक भडकले, तेव्हा ज्यांनी गेम आधीच सुरू केला होता त्यांना तो परत द्यावा लागला. 2016 मध्ये टायनीबिल्ड या गेम कंपनीने जीटूएवर विकल्या गेलेल्या आपल्या साडेचार लाख डॉलरच्या मालाचा हिशेब मांडला. जीटूएने तो मान्य केला नाही. 2019 मध्ये तर काही स्टुडिओचालक उघड म्हणू लागले, तिथून घेण्यापेक्षा आमचा गेम सरळ पायरेट करा. पिकवणाऱ्यानेच माल फुकट न्या म्हणावं, इतका वैताग!

त्यावर जीटूएने शब्द दिला: चोरीचा कोड आमच्याकडे विकला गेल्याचं सिद्ध झालं, तर चार्जबॅकच्या नुकसानाच्या दहापट भरू. 'फॅक्टोरिओ' बनवणाऱ्या प्रागच्या वूब स्टुडिओने हे आव्हान घेतलं. बाहेरचा लेखापरीक्षक काही ठरेना, शेवटी तपास जीटूएनेच केला. म्हणजे ज्याच्यावर आळ, पंचनामाही त्याचाच. तरीही 198 कोड चोरीचे निघाले. मे 2020 मध्ये कंपनीने 39,600 डॉलर मोजले, कोडमागे 200. हे कोड 2016 मध्ये विकले गेले होते.

त्याच वर्षी जीटूएने गेमचे कोड विकण्याची मुभा फक्त नोंदणीकृत व्यावसायिकांपुरती ठेवली.