वाचणं हेच लिहिणं: बहुस्तरीय डेटाबेसमधल्या समांतर व्यवहारांची पार्श्वभूमी

एकाच टेबलातल्या काही ओळी 'गोपनीय', काही 'अतिगोपनीय', आणि वापरणारेही वेगवेगळ्या स्तरांचे. अशा डेटाबेसची निकड आधी अमेरिकी लष्कराला भासली. मायटर संस्थेतल्या डेव्हिड बेल आणि लेन लापाडुला यांनी १९७३ मध्ये नियम मांडले: खालच्याने वरचं वाचायचं नाही, वरच्याने खाली लिहायचं नाही. वरच्याने खालचं वाचलं तर चालेल. सगळा घोळ या सवलतीतून सुरू झाला.

समांतर व्यवहारांचं (व्यवहार म्हणजे डेटाबेसवरच्या वाचन-लेखनाचा एक अखंड गट) शास्त्र त्याच काळात, पण वेगळ्या गल्लीत घडत होतं. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतल्या चौघांनी १९७६ मध्ये टू-फेज लॉकिंग मांडलं: वाचण्याआधी सामायिक लॉक (इतरांनाही वाचता येतं, पण लिहिता येत नाही), लिहिण्याआधी एकट्याचा लॉक, आणि एकदा लॉक सोडायला लागलं की नवा घ्यायचा नाही. एवढं पाळलं, की व्यवहार एकामागून एक चालल्यासारखाच निकाल लागतो. यालाच सीरिअलायझेबिलिटी म्हणतात. या मांडणीत व्यवहारांना स्तर नव्हते. कोणी कोणासाठीही थांबायचं.

दोन्ही एकत्र आणले की काय होतं ते पाहा. वरच्या स्तरावरचा प्रोग्रॅम खालच्या 'क्ष' ओळीवर वाचन-लॉक धरतो. खालचा प्रोग्रॅम 'क्ष' बदलायला जातो आणि अडकतो. अडकला तर १, नाही अडकला तर ० असं दोघांनी आधीच ठरवलेलं असेल, तर सेकंदाला दहा प्रयत्नांत १२८ बिटांची गुप्त किल्ली सुमारे १३ सेकंदांत खाली उतरते. नियम कुठेच मोडलेला दिसत नाही. यालाच कव्हर्ट चॅनल, म्हणजे निरोपाची छुपी वाट, म्हणतात. बटलर लॅम्पसन यांनी ही कल्पना १९७३ मध्येच मांडली होती. 'ऑरेंज बुक' या अमेरिकी निकषग्रंथाने (१९८३, सुधारित १९८५) त्याला आकडे दिले: सेकंदाला १०० बिटांपेक्षा जास्त म्हणजे फार, १ बिटापर्यंत बहुतेक ठिकाणी चालण्याजोगं, आणि दहा सेकंदांत १ बिटापेक्षा वेगवान चॅनलच्या वापराची नोंद ठेवता आली पाहिजे.

लॉक सोडून टाइमस्टॅम्प, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला दिलेला क्रमदर्शक वेळेचा शिक्का, वापरले तरी सुटका नाही. त्या पद्धतीत प्रत्येक ओळीपाशी 'शेवटचं वाचन केव्हा' ही नोंद राहते. वरच्याने उशिराच्या टाइमस्टॅम्पने वाचलं, की आधीचा टाइमस्टॅम्प असलेल्या खालच्या व्यवहाराचं लेखन नाकारलं जातं. थांबण्याऐवजी रद्द होणं, एवढाच फरक, निरोप तोच. मूळ दुखणं असं, की वाचल्याची खूण ठेवणं हेच खाली लिहिणं आहे.

म्हणून १९९० च्या आसपासच्या बहुतेक उपायांचा गाभा एकच: झळ वरच्याने सोसायची. वरच्याचा लॉक तोडून त्याला पुन्हा वाचायला लावलं, तर गजबजलेल्या ओळींवर त्याचं काम कधी संपतच नाही. कीफ आणि त्साय यांनी १९९० मध्ये ओळींच्या जुन्या आवृत्त्या राखल्या आणि वरच्या व्यवहाराला खालच्या सगळ्या चालू व्यवहारांच्या आधीचा टाइमस्टॅम्प दिला. क्रम शाबूत, गळती नाही. पण वरच्याला शिळा डेटा. सेनापतीला कालचा नकाशा देण्यासारखंच हे. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेच्या सिंट्रा प्रकल्पाने खालच्या डेटाची प्रत प्रत्येक वरच्या स्तरावर ठेवली. चार स्तरांची उतरंड असेल तर तळाच्या ओळीच्या चार प्रती, आणि बदल वर पोचवताना खालचाच क्रम राखण्याची जबाबदारी.

बाजारात आलेल्या ट्रस्टेड ओरॅकल या बहुस्तरीय डेटाबेसने मिश्र वाट धरली: स्वतःच्या स्तरावर लॉक, खालचं वाचायला जुन्या आवृत्त्यांचा स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणाचं गोठवलेलं चित्र. वेगाच्या दृष्टीने शहाणपणाची निवड, पण अशा मिश्रणात फट राहते. वरचा पहिला व्यवहार सुरू होतो आणि त्याचा स्नॅपशॉट ठरतो. मग खालचा व्यवहार 'क्ष' बदलून संपतो. नंतर वरचा दुसरा व्यवहार सुरू होऊन नवा 'क्ष' वाचतो, त्यावरून वरच्या स्तरावरचा 'य' लिहितो आणि संपतो. आता पहिला 'य' वाचतो तर नवा मिळतो, 'क्ष' वाचतो तर जुना. 'य' पाहता पहिला दुसऱ्याच्या नंतरचा. 'क्ष' पाहता खालच्याच्या आधीचा, म्हणून दुसऱ्याच्याही आधीचा. असा क्रम कुठल्याच रांगेत बसत नाही.

सुशील जाजोदिया आणि विजयालक्ष्मी अटलुरी यांनी १९९२ मध्ये उलटा प्रश्न केला: पूर्ण सीरिअलायझेबिलिटी हवीच कशाला? त्यांनी तिच्यापेक्षा सैल तीन कसोट्या सुचवल्या. स्तरापुरता क्रम, दोन-दोन स्तरांच्या जोडीपुरता क्रम, आणि खालची एकच ओळ वाचणाऱ्यांपुरता क्रम. या सगळ्या धडपडीतला हा सर्वांत प्रामाणिक टप्पा वाटतो, कारण काय सोडतोय ते त्यात उघड सांगितलं आहे.

आज पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ओळीनिहाय सुरक्षा (२०१६ च्या जानेवारीत आलेल्या ९.५ पासून) वापरणाऱ्यांना साधं वाचन लेखनाला अडवत नाही, म्हणून हा जुना वाद वाटेल. पण २०११ च्या ९.१ पासूनची सीरिअलायझेबल पातळी वाचनांचाही माग ठेवते, आणि वरच्याच्या वाचनामुळे खालचा व्यवहार ४०००१ त्रुटीने (क्रम न बसल्याची खूण) पडू शकतो. फॉरेन की, म्हणजे एका ओळीने दुसरीकडे दाखवलेलं बोट, तर सुरक्षेचे नियम ओलांडूनच तपासली जाते. वरच्या स्तरावरची, न दिसणारी ओळ खालच्या ओळीकडे बोट दाखवत असेल, तर खालच्याने आपलीच ओळ पुसायला जावं आणि नकार मिळावा. वर काहीतरी आहे, हे तेवढ्यात कळतं.