शीतक गळतीचे निदान

शीतक गळतीचे निदान : मोटारगाडीच्या एंजिनात फिरणारा शीतक (कूलंट) एकाएकी कमी होऊ लागल्यास तो कोठून व कशामुळे जातो, हे ठरविण्याची रीत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः जुन्या गाड्यांचा विचार केला आहे. अशा गाड्यांत होज पाइप (शीतक वाहून नेणाऱ्या रबरी नळ्या), रेडिएटरच्या (शीतक निवविणाऱ्या भागाच्या) प्लॅस्टिक टाक्या, पंपाचे सील व गॅस्केट (सांध्यात घातलेला गळतीरोधक थर) थोड्याफार फरकाने एकाच सुमारास जीर्ण होतात. एक भाग नवा बसवल्यावर यंत्रणा पुन्हा पूर्ण दाब धरते आणि पुढचा अशक्त सांधा गळू लागतो. हा दोष पुष्कळदा दुरुस्ती करणाऱ्यावर येतो, पण तो बहुधा खरा नसतो.

गळती एकाएकी का वाढते, याचे मूळ दाबात आहे. १९०८ पासून बनलेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीत, अगदी सुरुवातीच्या काही गाड्या वगळता, पाण्याचा पंप नव्हता; तापलेले पाणी हलके होऊन वर चढे व रेडिएटरमध्ये निवून खाली येई. ही यंत्रणा वातावरणीय दाबावरच चाले. पुढे दाब धरणारे झाकण आले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते बहुतेक ठिकाणी रूढ झाले असावे. शीतक म्हणून वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल व पाणी यांचे निम्मेनिम्मे मिश्रण समुद्रसपाटीला सु. १०७° से.ला उकळते, सु. १ बार जादा दाबाखाली त्याचा उत्कलनबिंदू सु. १२९° से. होतो. तापलेल्या एंजिनाचा होज पाइप फुटला की दाब उतरतो, सिलिंडर हेडलगतच्या (एंजिनाच्या वरच्या झाकणभागालगतच्या) अतितप्त द्रवाची जागीच वाफ होते व ती उरलेल्या द्रवाला बाहेर ढकलते. झाकण गरम असताना उघडू नये, याचेही कारण हेच.

ग्लायकॉलच्या पहिल्या निर्मितीचे वर्ष काही संदर्भग्रंथांत १८५६, तर काहींत १८५९ दिलेले आढळते. फ्रेंच रसायनज्ञ शार्ल-आदोल्फ व्युर्त्स यांचे पहिले टिपण १८५६ मधील असून १८५९ मध्ये त्यांचा विस्तृत निबंध आला. म्हणून आधीचे वर्ष ग्राह्य धरणे योग्य.

एंजिन ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या वाटीसारख्या गोल पत्र्याच्या बुचांबद्दल मतभेद अधिक आहेत. पाणी गोठून फुगले असता (गोठताना पाण्याचे आकारमान सु. ९ टक्के वाढते) ब्लॉक तडकू नये म्हणून ही बुचे ठेवली जातात, असे मत वाहनचालकांत दृढ आहे. ओतकामाच्या अंगाने पाहिल्यास वेगळा उलगडा होतो. ब्लॉकमधील पाण्याच्या पोकळ्या वाळूच्या गाभ्यांभोवती ओतल्या जातात. ते गाभे साच्यात आधारून धरण्यासाठी व नंतर वाळू बाहेर काढण्यासाठी भोके ठेवावी लागतात आणि ती शेवटी बुचांनी बंद केली जातात. गोठताना एखादे बूच कधी बाहेर फेकले जाते हे खरे, पण बुचे जागची न हलता ब्लॉकच फुटल्याचेही आढळते. त्यामुळे ओतकामाचा खुलासा अधिक सयुक्तिक वाटतो. निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, शीतकातील गंजरोधक द्रव्ये संपली की पोलादी बूच आतून खात जाते आणि बाहेरून शेवटपर्यंत धड दिसते. बुचाखाली तांबूस ओघळ दिसल्यास त्याचा संशय घ्यावा. एंजिन व गिअरबॉक्स यांच्या मध्ये दडलेले बूच गळू लागल्यास गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

जमिनीवर थेंब पडतो ती जागा गळतीची असतेच असे नाही. पंख्याचा व धावत्या गाडीचा वारा द्रव मागे नेतो. म्हणून ओलाव्याचा सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा बिंदू शोधणे, हा निदानाचा पहिला नियम होय. त्याआधी तो द्रव शीतकच आहे याची खात्री करावी. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी रंगहीन व गंधहीन असते, तर ग्लायकॉल बोटांना बुळबुळीत लागते व गोडसर वासाचे असते. ते विषारी असल्याने चाखून पाहू नये. सांडलेले लगेच पुसावे, कारण गोडीमुळे जनावरे ते चाटतात.

एंजिन थंड असताना हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब देऊन दाबमापकाचा काटा उतरतो का, हे पाहतात. झाकण स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक असते, कारण पंप झाकणाच्याच जागी बसवला जातो. काही सांधे गारठ्यात आकसल्यावरच गळतात, तर प्लॅस्टिक टाकीची बारीक चीर तापल्यावरच उघडते. म्हणून एकाच चाचणीवर विसंबणे धोक्याचे. अशा वेळी शीतकात फ्लुओरेसीनसारखे रंजकद्रव्य (आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केलेले) मिसळून गाडी चालवतात व जंबुपार प्रकाशात हिरवट चमकणारा माग शोधतात. पाण्याच्या पंपाला सीलमागे मुद्दाम ठेवलेले लहान छिद्र असते. तेथील वाळलेला डाग हा दोष नव्हे; सतत ठिबकणे हा आहे.

बाहेर कोठेच ओल नसेल तर हीटरचा गाभा, म्हणजे गाडीच्या आतील भाग तापविणारा लहान रेडिएटर (काचेवर तेलकट धुके, पुढच्या सीटखालचा गालिचा ओला), किंवा ब्लॉक व सिलिंडर हेड यांमधील हेड गॅस्केट पाहावे. गॅस्केटच्या तपासणीत रेडिएटरच्या तोंडावरील हवा ब्रोमोथायमॉल ब्लूच्या निळ्या द्रावणातून ओढतात. ज्वलनवायूंतील कार्बन डाय-ऑक्साइडमुळे ते पिवळे होते. नळीत चुकून शीतक ओढले गेल्यास द्रावण बदलून चाचणी पुन्हा करावी.

तापमापकावर मात्र भिस्त ठेवू नये. शीतक पुरेसा निघून गेला की संवेदक द्रवाऐवजी वाफेत उघडा पडतो आणि एंजिन जळत असतानाही काटा नेहमीच्या जागी, कधी त्याखालीही, दिसतो. गाडी हळूहळू थांबवून एंजिन बंद करणे, हेच त्या क्षणी करण्याजोगे असते. गळती बंद करणारी चूर्णे तात्पुरत्या प्रवासापुरती वापरली जातात. ती हीटरच्या अरुंद नळ्यांतही साचतात.