काफिल्यांचे पडाव, सायकलस्वारांचे तंबू: मनाली–लेह मार्गाची पार्श्वभूमी

मनालीहून लेहला जाणाऱ्या कोणत्याही सायकल मोहिमेचे वेळापत्रक पाहिले, तर त्यात मुक्कामांची तीच ती नावे फिरून फिरून येतात: मढी, सिस्सू, जिस्पा, झिंगझिंगबार, सरचू, पांग, देबरिंग, रुमत्से. आयोजक बदलतात, तंबूंचे रंग बदलतात, मुक्काम मात्र फारसे बदलत नाहीत. यांतली झिंगझिंगबार आणि देबरिंग ही नावे, तसेच पुढची ग्या आणि उपशी ही गावे, ब्रिटिश काळातील मार्गपत्रिकांतही पडाव म्हणून नोंदलेली आहेत, आणि त्या काळी या वाटेने सायकल तर सोडाच, बैलगाडीसुद्धा जात नव्हती. खेचराला दिवसाअखेर चारा आणि पाणी लागते, माणसाला वाऱ्यापासून आडोसा लागतो आणि चढाला सरावायला वेळ लागतो. या गरजांनी ठरवलेल्या जागा मोटारींच्या काळात मागे पडल्या आणि सायकलींमुळे पुन्हा उपयोगात आल्या. म्हणूनच या मोहिमांचा इतिहास सायकलीपासून न सांगता वाटेपासून सांगावा लागतो.

मनाली सुमारे दोन हजार मीटरवर आहे आणि लेह साडेतीन हजारांवर. नुसते हे दोन आकडे पाहिले तर चढ फार वाटत नाही. पण मधे पाच खिंडी आहेत. रोहतांग (३,९७८ मीटर) ओलांडली की कुल्लूचा देवदारांचा हिरवा प्रदेश मागे पडून लाहौल सुरू होते. पुढे बारालाचा ला ही सुमारे ४,८९० मीटरवरची खिंड लागते. तिच्या एका अंगाने चंद्रा आणि दुसऱ्या अंगाने भागा नदी निघते, दोघी तांदी येथे एकत्र येतात आणि चंद्रभागा, म्हणजेच चिनाब, होतात. लाहौल, स्पिती, झंस्कार आणि लडाख या चारही मुलखांच्या वाटा बारालाचाच्या परिसरात एकमेकींना भेटतात, त्यामुळे तिला खिंड म्हणण्यापेक्षा डोंगरातला चव्हाटा म्हणणे अधिक योग्य ठरेल. त्यानंतर नकी ला, पाच हजार मीटरच्या वरची लाचुलुंग ला आणि शेवटी टांगलांग ला. या शेवटच्या खिंडीतल्या फलकावर १७,५८२ फूट असा आकडा आहे. अलीकडची उपकरणे तो थोडा कमी दाखवतात, पण तिथवर पेडल मारत पोहोचलेल्याला त्या फरकाशी काही देणेघेणे नसते.

या वाटेने मुख्यतः लोकर आणि मीठ खाली येई, धान्य वर जाई. चांगथांगच्या पठारावरचे चांगपा मेंढपाळ मेंढ्यांच्याच पाठीवर लोकरीच्या लहान पिशव्या लादून त्यांतून मीठ आणत. हे मीठ त्सो कारसारख्या खाऱ्या सरोवरांच्या काठी मिळे, आणि त्सो कार आजच्या रस्त्यापासून फार दूर नाही. बारालाचाच्या अलीकडे, लाहौलच्या बाजूला, पात्सिओ नावाचे मैदान आहे. तिथे उन्हाळ्यात जत्रा भरत असे. तिबेटी आणि लडाखी व्यापारी मेंढ्या घेऊन उतरत, मेंढ्यांची लोकर तिथल्या तिथे कातरली जाई, आणि ओझे वाहून आणणारे जनावर हाच अर्धा माल असल्यामुळे परतताना त्याच मेंढ्या धान्याने लादून नेल्या जात. आज याच परिसरात अनेक सायकल गट चौथ्या-पाचव्या रात्रीचे तंबू ठोकतात.

परक्यांपैकी या वाटेने गेलेल्यांच्या सर्वांत जुन्या नोंदींत फ्रान्सिस्को द अझेवेदो या येशूसंघी पाद्र्याचे नाव येते. अंतोनियु द आंद्राद याने पश्चिम तिबेटात त्सापरांग येथे उघडलेल्या केंद्राची पाहणी करण्यासाठी तो गेला होता, आणि या केंद्राची सूत्रे गोव्याकडे होती. १६३१ साली तो लेहच्या राजाला भेटून लाहौल आणि रोहतांगमार्गे कुल्लूत उतरला. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, १८२० च्या उन्हाळ्यात, विल्यम मूरक्रॉफ्ट उलट दिशेने निघाला. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या अश्वपैदास केंद्राचा प्रमुख होता आणि त्याला बुखाऱ्याहून चांगले घोडे आणायचे होते. लेहमध्ये मात्र तो दोन वर्षे अडकून राहिला आणि त्या काळात पश्मिन्याच्या व्यापाराविषयी त्याने तपशीलवार माहिती जमवली. घोडे काही त्याला हवे तसे मिळाले नाहीत. १८२५ मध्ये परतीच्या वाटेवर तो अफगाणिस्तानच्या उत्तर भागात मरण पावला.

१८४६ च्या अमृतसर तहानंतर लाहौल-स्पिती ब्रिटिशांकडे आणि लडाख जम्मूच्या महाराजांकडे गेले, त्यामुळे एकाच व्यापारी वाटेचे दोन राज्यांत तुकडे पडले. आजही सरचूच्या मैदानात हिमाचल संपून लडाख सुरू होतो, त्याचे मूळ या वाटणीत आहे. पुढे ब्रिटिशांना आजच्या चीनमधील सिंक्यांग प्रांतातल्या यारकंदच्या बाजारात कांगड्याचा चहा खपवण्याची स्वप्ने पडू लागली. या स्वप्नातून १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आणि महाराजा रणबीरसिंह यांच्यात व्यापारी करार झाला, आणि लाहौलच्या सरहद्दीपासून लडाखमार्गे यारकंदकडे जाणारी एक वाट सर्वांना खुली आणि जकातमुक्त ठरली. तिच्यावर देखरेख ठेवायला दोन्ही पक्षांचे संयुक्त आयुक्त नेमायचे, वाटेत विश्रामगृहे आणि शिधा-चाऱ्याची कोठारे उभारायची, आणि तिथले दर आयुक्तांनीच ठरवायचे, अशी कलमे त्या करारात होती. मुक्कामाची जागा, तिथला शिधा आणि त्याचा दर हे तिन्ही आधी ठरवून घेण्याची गरज आजच्या मोहिमेच्या आयोजकालाही पडते, म्हणून ही कलमे वाचताना मौज वाटते. चहाचा व्यापार मात्र स्वप्नाइतका कधीच फोफावला नाही.

वाट सोपी होती असे नव्हे. १८६३ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन रोहतांग ओलांडून लाहौलच्या बाजूला उतरला आणि चंद्रा नदीवरच्या डहाळ्यांच्या झुलत्या पुलावरून गेला. त्या श्रमांनी त्याच्या हृदयावर ताण आला आणि २० नोव्हेंबरला धरमशाला येथे त्याचा मृत्यू झाला. उंचीवरच्या दमणुकीकडे दुर्लक्ष करू नका, असे मोहिमेच्या पहिल्या रात्री सांगितले जाते, तेव्हा उदाहरण म्हणून हा प्रसंग कोणी सांगत नाही. सांगायला हरकत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर सिंक्यांगमधील अस्थिरता, १९४९ नंतर बंद झालेली सरहद्द आणि १९६२ चे युद्ध यांनी हा व्यापार संपवला. ज्या कारणाने वाट ओस पडली, त्याच कारणाने तिथे रस्ता आला. ७ मे १९६० रोजी सीमा रस्ते संघटना स्थापन झाली. लेहला रसद पोहोचवणारा श्रीनगर–कारगिल मार्ग सरहद्दीच्या फार जवळून जातो, म्हणून पर्यायी रस्त्याची गरज होती, आणि ती किती खरी होती हे १९९९ च्या कारगिल युद्धात दिसले. सरचूपर्यंतच्या रस्त्याची जबाबदारी दीर्घकाळ संघटनेच्या ‘दीपक’ प्रकल्पाकडे आणि पुढची ‘हिमांक’ प्रकल्पाकडे होती. पर्यटकांसाठी हा मार्ग १९८० च्या दशकाच्या अखेरीस खुला झाला. नेमक्या त्याच सुमारास काश्मीर खोऱ्यात दहशतवाद उफाळल्याने श्रीनगरच्या बाजूने लडाखला जाणारा ओघ आटला, आणि मनालीच्या वाटेला अचानक महत्त्व आले.

सायकल घेऊन, तंबू लावत, गटाने फिरण्याची पद्धत वेगळ्या मुलखात रुजली. ब्रिटनमध्ये सायकलने भ्रमंती करणाऱ्यांचा क्लब १८७८ सालीच निघाला होता, पण त्याचे सदस्य रात्री खानावळीत उतरत. तंबू सायकलीवर आणला तो टॉमस हायरम होल्डिंग या लंडनच्या शिंप्याने. लहानपणी, १८५३ मध्ये, त्याने आईवडिलांबरोबर अमेरिकेची गवताळ मैदाने गाड्यांच्या तांड्यातून पार केली होती, आणि ते तंबूतले जगणे त्याच्या डोक्यातून गेले नाही. व्यवसायामुळे कापडाची आणि शिलाईची जाण होतीच. सायकलीवर मावेल इतका हलका तंबू त्याने स्वतः तयार केला, १८९७ मध्ये आयर्लंडमध्ये तो वापरून पाहिला, आणि १९०१ मध्ये सायकलवरून छावणी करणाऱ्यांची संघटना काढली. म्हणजे या छंदाची मुळेही एका तांड्याच्याच आठवणीत आहेत.

भारतात लांब पल्ल्याची सायकल दिसली ती ग्रँड ट्रंक रस्त्यावर. टॉमस स्टीव्हन्स या जगप्रवाशाने १८८६ च्या पावसाळ्यात आपल्या उंच चाकाच्या सायकलीवरून लाहोर ते कलकत्ता हे अंतर कापले. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतून काही पारशी तरुण जगाच्या फेरीला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर सायकल चालवून १९२८ मध्ये परत आले. पण या सगळ्या धाडसी, जिवावरच्या फेऱ्या होत्या. दहा-बारा दिवसांची रजा काढून, बरोबर स्वयंपाकी आणि मेकॅनिक घेऊन, पंधरा-वीस जणांनी एखादी खिंडींची वाट पार करणे हा प्रकार आपल्याकडे फार पुढचा.

मनाली–लेहवर आधी आले ते परदेशी सायकलस्वार, मागे-पुढे बोजे अडकवलेले आणि बहुधा एकटेदुकटे. आपल्याकडे तोवर जाड काळी बिनगिअरची सायकल हीच सायकल होती, आणि ती घेऊन रोहतांग चढायचा म्हणजे बहुतांश ढकलायचा. २००० नंतरच्या दशकात चांगल्या गिअरच्या सायकली मिळू लागल्या आणि चित्र पालटले. महाराष्ट्रात सह्याद्रीतल्या भटकंतीची सवय आणि हिमालयातल्या पदभ्रमण शिबिरांचा अनुभव असलेला वर्ग आधीपासून होता. त्याने छावणीची शिस्त सायकलीला जोडली. पुण्या-मुंबईचे गट त्यामुळे दरवर्षी या रस्त्यावर असतात, आणि ग्याजवळच्या उतारावर मागून मराठी हाक ऐकू आली तरी फारसे नवल वाटत नाही. सामान गाडीत टाकून सायकल चालवणे म्हणजे अर्धीच मोहीम, असे म्हणणारे काही कडवे लोक आहेत. मला ते पटत नाही, कारण काफिलेवाल्यांनीही ओझे कधी स्वतःच्या पाठीवर वाहिले नाही.

मोटारीने निघालेला पर्यटक केलाँग किंवा जिस्पाहून एका दिवसात सरचूला पोहोचतो. तीन हजार मीटरच्या आसपास झोपलेले शरीर दुसऱ्या रात्री एकदम ४,३०० मीटरवर झोपू पाहते, आणि मग सरचूच्या तंबूंत रात्रभर डोकेदुखी, मळमळ आणि प्राणवायूच्या नळकांड्या. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज सुमारे पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. सायकलस्वार मधे पात्सिओ किंवा झिंगझिंगबारला थांबतो, कारण त्याच्या पायांत त्यापुढे जाण्याची ताकद उरलेली नसते. काफिलाही तिथेच थांबत असे, खेचरांमुळे. दोघांनाही सल्ला न वाचताच तो बराचसा पाळावा लागला.

वेळेचेही तसेच. बर्फाच्या वितळत्या पाण्याचे नाले पहाटे घोट्याएवढे असतात आणि दुपारी गुडघ्यावर येतात. म्हणून छावणी पहाटे साडेचारला हलते: अंधारात चहा, काकडलेल्या बोटांनी चेनला तेल, ब्रेकची चाचपणी, आणि उजाडता उजाडता पहिला नाला. बूट गळ्यात अडकवायचे, सायकल खांद्यावर घ्यायची, पाण्यातला प्रत्येक दगड पायाने आधी चाचपायचा. पलीकडे गेल्यावर पाय आपलेच आहेत हे कळायला पाच मिनिटे लागतात. गाटा लूप्सची एकवीस वळणे ऊन चढण्याआधी संपवायची आणि मोरे मैदानातला चाळीसेक किलोमीटरचा सपाट पट्टा समोरचा वारा सुटण्याआधी. संध्याकाळी सरचूला पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि बिचाऱ्या स्वयंपाक्याला तीन-तीन शिट्ट्यांचा हिशेब ठेवत बसावे लागते. पांगमधले ढाबे लष्कराच्या जुन्या पॅराशूटच्या कापडाखाली चालतात. मधे एक खांब, भोवती गाद्या, आणि मॅगी.

३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनाली–लेह अंतर सुमारे ४६ किलोमीटरनी घटले. लेहच्या गाड्या रोहतांगवरून जायच्या थांबल्या, आणि तिथे उरली ती मुख्यतः बर्फ पाहायला येणाऱ्या, परवान्याने मर्यादित केलेल्या गाड्यांची वर्दळ. अनेक सायकल गट मुद्दाम जुनाच घाट चढतात; उंचीचा पहिला सराव तिथे होतो, हे एक कारण, आणि रोहतांग टाळून लेहला गेलो असे सांगायला जीभ वळत नाही, हे दुसरे. मार्च २०२४ मध्ये दारचाहून झंस्कारमार्गे लेहजवळच्या निम्मूपर्यंतचा रस्ता जोडला गेला, आणि त्यावरच्या शिंकू ला खिंडीखाली ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचे काम त्याच वर्षी जुलैत सुरू झाले. तो पुरा झाला की लष्कराची आणि मालाची वाहतूक बरीचशी दारचाला डावीकडे वळेल. सरचू आणि पांगचे तंबू तेव्हा कोणाच्या भरवशावर उभे राहतील, याची चर्चा तिथल्या ढाब्यांत आत्ताच चालते, आणि त्या चर्चेत सायकलवाल्यांचा हिशेब होतो तो असा: गाडीवाला चहा पिऊन जातो, सायकलवाला चहा पितो, जेवतो, झोपतो आणि सकाळी पुन्हा चहा मागतो.