गाजर गवताची अ‍ॅलर्जी

गाजर गवताच्या (पार्थेनियम हिस्टेरोफोरस, सूर्यफूल कुल) कणांमुळे त्वचेवर उठणारा इसब व परागांमुळे होणारा नाकाचा त्रास. काँग्रेस गवत, चटक चांदणी ही या तणाची आणखी नावे. अधिहर्षतेचा (अ‍ॅलर्जीचा) हा प्रकार भारतात प्रथम पुणे परिसरात ठळकपणे नजरेस आला. संबंध टाळणे हाच मुख्य उपाय असल्याने रोजच्या सवयींना येथे औषधाइतकेच महत्त्व आहे.

तणाच्या आगमनाविषयी एकमत नाही. मूळस्थान मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश, हे बहुतेकांना मान्य आहे. १९५५च्या सुमारास पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर त्याची तुरळक झाडे आढळली आणि आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘भारतातील नवी नोंद’ म्हणून ती प्रसिद्ध केली. पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्यमदत योजनेतील गव्हाबरोबर बी आले, ही समजूत लोकांत आजही पक्की आहे. तथापि या योजनेखालील भारताशी पहिला मोठा करार ऑगस्ट १९५६ मधला, म्हणजे पुण्यातील झाडांच्या नंतरचा. त्यामुळे अमेरिकी धान्याचाच दोष मानायचा, तर अमेरिकेने भारताला दिलेल्या १९५१च्या गहू-कर्जातून आलेल्या धान्याकडे बोट दाखवणे कालक्रमाला अधिक धरून होईल. दुसरे मत तण त्याहून जुने असल्याचे मानते व वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या कलकत्ता उद्यानातील वनस्पतींच्या यादीचा (१८१४) आधार घेते. पण उद्यानातील लागवड म्हणजे प्रसार नव्हे. ‘काँग्रेस’ हे नाव फुलांच्या पांढऱ्या टोपीवरून पडले की तत्कालीन सरकारवरून, याची चर्चा आता करमणुकीपुरतीच उरली आहे.

त्वचाविकाराचे पुण्यातील रुग्ण लोणकर, मिचेल व कॅलनन यांनी १९७४ मध्ये वर्णिले. पार्थेनिन हे सेस्क्विटर्पिन लॅक्टोन या वनस्पतिज रसायनांच्या गटातील द्रव्य यास प्रामुख्याने कारणीभूत आहे. पानाखोडावरील सूक्ष्म केसांत ते असते. झाड वाळले की हे केस व पानांचा चुरा वाऱ्यावर उडतो. म्हणून उपटून बांधावर टाकलेले गवतही निरुपद्रवी नसते. प्रतिक्रिया विलंबित स्वरूपाची असल्याने खाज एकदोन दिवसांनी सुटते आणि कारण लक्षात येत नाही. पापण्या, मानेच्या बाजू, कोपराची खोबण येथे चट्टे उठतात. जुन्या रोगात सदऱ्याच्या गळ्यावर उघडी राहणारी कातडी जाड, काळपट, खाजवून रेघाळलेली दिसते. कानामागे व हनुवटीखाली चट्टे असल्यास हवेतील कणांचा संशय बळावतो, कारण निव्वळ उन्हाच्या विकारात या सावलीतल्या जागा बहुधा सुटतात. मात्र पुढे दोन्ही विकार एकत्र येऊ शकतात. निदानासाठी पाठीवर पट्टी चाचणी (संशयित द्रव्य लावलेली पट्टी चिकटवून प्रतिक्रिया पाहणे) करतात.

सवयींबाबत वैद्यकांचा सल्ला साधा आहे. शेतात अथवा पडीक जागेतून जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा व डोक्यामानेला उपरणे घ्यावे. घरी येताच कपडे बदलून हातपाय, तोंड व मान धुवावी. धुतलेले कपडे कुंपणावर किंवा गवतावर वाळत घालू नयेत. ही कण अंगावर चढण्याची हमखास वाट. कोरड्या त्वचेला साधे, वासरहित मलम लावावे. गवत फुलण्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून उपटावे. मात्र ज्याला त्रास आहे त्याने ते स्वतः करू नये, आणि वाळलेले जाळू नये. तरोटा किंवा टाकळा पेरून तणाला हटवण्याचा उपाय अनेक ठिकाणी करतात. १९८० च्या दशकात मेक्सिकोहून आणलेले झायगोग्रामा भुंगे पावसाळ्यात पाने फस्त करतात.

लक्षणांवर स्टेरॉइड मलमे व तीव्र रोगात अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देतात. अ‍ॅझाथायोप्रिनसाठी रक्ततपासणी आवश्यक असते. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेले तीव्र स्टेरॉइड चेहऱ्याची कातडी पातळ करते. संवेदनशील व्यक्तीला त्याच कुलातील शेवंतीचाही त्रास होऊ शकतो. त्यामुळे घरातल्या वेणीकडे व हारांकडेही लक्ष द्यावे लागते.