हलक्या फिन्स, पण कुठे हलक्या?

अंदमानला किंवा लक्षद्वीपला स्वतःचं स्कूबाचं सामान घेऊन निघणाऱ्याची पहिली झटापट विमानतळावरच्या काट्याशी होते. देशांतर्गत विमानात बहुतेक तिकिटांवर १५ किलो सामान नेता येतं आणि जाड रबरी फिन्सची, म्हणजे पोहताना पायात घालायच्या पात्यांची, एक जोडीच त्यातले दोन-अडीच किलो खाऊन बसते. म्हणून दुकानात पहिली मागणी असते, "हलक्यातल्या दाखवा." आणि त्या हातात येताच शंका, "पण यांनी जोर लागेल ना?" वजन कमी म्हणजे दमही कमी, असं आपण गृहीत धरून बसलेलो असतो. पाण्यात हा हिशोब वेगळा चालतो.

फिनचं वजन तीन ठिकाणी मोजावं लागतं: काट्यावर, पाण्यात आणि पाय मारताना. तिन्ही आकडे वेगळे येतात.

काट्यावरच्या वजनाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. त्याची फिकीर विमान कंपनीला आणि आपल्या खांद्याला. पाण्यात उतरलं की आर्किमिडीज मध्ये पडतो. समजा, एक रबरी फिन १.२ किलोची आहे. फिनसाठी वापरलेल्या रबराची घनता पाण्याच्या साधारण १.२ पट धरली, तर ती एक लिटर जागा व्यापते. एक लिटर समुद्राचं पाणी १.०२५ किलोचं, म्हणून पाण्यात तिचं उरलेलं वजन जेमतेम १७५ ग्रॅम. आता ०.८ किलोची प्लास्टिकची फिन घ्या. पॉलिप्रॉपिलीन किंवा ईव्हीए हे पदार्थ पाण्यापेक्षा हलके, घनता ०.९२ च्या आसपास धरली, तर ही फिन बुडतच नाही, उलट सुमारे ९० ग्रॅमच्या जोराने वर येऊ पाहते. म्हणजे पहिली फिन पाय खाली ओढणारी आणि दुसरी पाय वर उचलणारी.

हा फरक लहान वाटतो, पण तो शरीराच्या अगदी टोकाला लागू होतो. फुप्फुसं आणि हवा भरलेलं जॅकेट छातीशी, फिन्स तिथून जवळजवळ मीटरभर लांब. तेवढ्या अंतरावरचे शंभर-दोनशे ग्रॅमही माणसाला आडवं ठेवायचं की तिरकं, हे ठरवायला हातभार लावतात. थंड पाण्यात कोरडा सूट (आत पाणी शिरू न देणारा पोशाख) घालणाऱ्यांना जड फिन्स आवडतात, कारण सुटातली हवा पायांकडे पळते आणि पाय वर उचलले जातात. आपल्याकडच्या कोमट समुद्रात पातळ वेटसूट पुरतो. सडपातळ, पिळदार पायांच्या माणसाचे पाय आपोआप खाली जातात; त्याला तरंगणारी फिन उपकारकच ठरते. उलट ज्यांचे पाय मुळातच वर येतात त्यांना ती नकोशी होईल. त्यातच अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर बुडीच्या शेवटी, हवा संपत आली की तरंगू लागतो आणि मागची बाजू उचलतो. त्यामुळे इथे सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही.

खरी गंमत तिसऱ्या वजनात आहे. पाण्यात एखादी पट्टी आडवी ढकलली की तिच्या भोवतालचं पाणीही तिच्याबरोबर हलवावं लागतं. २० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब सपाट पात्यासाठी पुस्तकी सूत्राने हिशोब केला, तर ते हलवायला सुरुवात करताना जवळपास १० किलो पाण्यालाही वेग द्यावा लागतो. खरी फिन वाकते, घोट्याभोवती फिरते, म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे होईल; पण ढोबळ अंदाज तोच राहतो. त्या १० किलोंपुढे फिनचे स्वतःचे ४०० ग्रॅम वाचले काय आणि न वाचले काय! पायाला जाणवणारा भार मुख्यतः पात्याच्या आकाराचा असतो. छोट्या पात्याची जड फिनही पायाला हलकी लागते आणि मोठ्या पात्याची पिसासारखी फिन तासाभरात पोटरीत गोळा आणते. होडीचं वल्हं मारलेल्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही.

मग पातं लहानच घ्यावं का? तर तसंही नाही. पुढे जायचं म्हणजे पाणी मागे ढकलायचं. मिळणारा रेटा हा दर सेकंदाला ढकललेल्या पाण्याचं वस्तुमान गुणिले त्याला दिलेला वेग, पण त्या पाण्यात वाया जाणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. दुप्पट पाणी निम्म्या वेगाने ढकललं तर रेटा तेवढाच मिळतो आणि वाया जाणारी ऊर्जा निम्मी होते. म्हणून उघड्या तळव्यांनी भराभर पाय झाडण्यापेक्षा मोठ्या पात्याने सावकाश मारलेली किक स्वस्त पडते. इटलीच्या पाओला झांपारो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पृष्ठभागावर पोहणाऱ्यांवर हे मोजून दाखवलं. फिनशिवाय पाय मारण्याच्या तुलनेत, सारख्याच वेगाला, फिन्समुळे ऊर्जेचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. किक्सची संख्याही साधारण तेवढ्याच प्रमाणात घटली आणि नुसते स्वतःचे पाय वरखाली करण्यात जाणारं काम तर सुमारे ७५ टक्क्यांनी उतरलं.

पात्याने पाणी नेमकं मागेच जावं, यासाठी ते योग्य तेवढं वाकावं लागतं. दगडासारखं ताठ पातं पाण्याला वर-खाली ढकलतं आणि पाय दमवतं. फार मऊ पातं प्रत्येक किकला लवून मोकळं होतं आणि पाणी बाजूने निसटतं. दोन्हींच्या मधलं वाकणं साधलं की पातं तिरकं राहून पाण्याला मागची वाट दाखवतं. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लहानपणी हाताला फळ्या बांधून पोहून पाहिलं, तळव्यांनाही तसंच काही बांधून पाहिलं. तळव्यांच्या प्रयोगाने त्यांचं समाधान झालं नाही. बोटांच्या पुढे लांब जाणारं, लवचीक पातं ही कल्पना फ्रान्सच्या नौदल अधिकारी लुई द कॉर्लियू यांच्या १९३३ च्या पेटंटपासून रुळली. तेव्हा हाताशी होतं ते रबर. रबर स्वभावानेच मऊ, त्याला ताठपणा द्यायचा तर जाडी वाढवा, जाडी वाढवली की वजन वाढलं. जोरदार फिन जडच असते, ही समजूत बहुधा याच काळातून आपल्याकडे चालत आली असावी.

प्लास्टिकने हे समीकरण मोडलं. पट्टीची उंची दुप्पट केली की माल दुप्पट लागतो, पण तिचा वाकायला होणारा विरोध आठपट होतो. म्हणून हलक्या फिनच्या दोन्ही कडांना उंच बरगड्या दिसतात आणि मधला पडदा पातळ असतो. एका श्वासावर खोल जाणारे फ्रीडायव्हर कार्बन फायबरची लांबलचक पाती वापरतात. ती वजनाला नगण्य आणि रेट्याला दणकट असतात. स्कूबासाठी मात्र ती गैरसोयीची: प्रवाळांवर आपटतात, तळाचा गाळ उडवतात, बोटीच्या शिडीवर अडतात.

जाहिरातींतल्या बाकी करामतींबद्दल मी थोडा संशयी आहे. पात्याला मधोमध चीर, पाणी जाऊ देणारे झरोके, खोल पन्हळी. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात डेव्हिड पेंडरगास्ट आणि सहकाऱ्यांनी कडीच्या आकाराच्या तलावात पाण्याखाली डायव्हर पोहवून त्यांचा ऑक्सिजन मोजला. निरनिराळ्या फिन्सच्या खर्चात फरक निघाला, पण चीर, झरोके आणि पन्हळी यांची भर घातल्याने कामगिरी सुधारल्याचं दिसलं नाही. चीर असलेल्या फिन्स घोट्याला आणि गुडघ्याला सौम्य लागतात, हे बरेच डायव्हर सांगतात आणि त्यासाठी त्या घ्यायला हरकत नाही. पण बेडकासारखी किक मारणाऱ्याला किंवा पाय मारत मागे सरकू पाहणाऱ्याला त्या दाद देत नाहीत. तिथे आखूड, रुंद, जरा ताठ पातंच हवं.

"पुरेसा जोर" म्हणजे किती, हेही आधी ठरवायला हवं. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. वेग फक्त २० टक्क्यांनी वाढवायचा तर सुमारे ७३ टक्के जास्त शक्ती लागते, आणि सिलिंडरमधली हवाही तशीच उडते. एक नॉट, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, एवढ्या प्रवाहाविरुद्ध बहुतेकांना फार वेळ तग धरता येत नाही. कोणतीही फिन घातली तरी हे फारसं बदलत नाही. तेव्हा प्रवाहाशी झुंजण्यासाठी अवजड फिन घेण्यात अर्थ नाही. शांत वेगाने दूर जाता येईल आणि गरज पडली तर मिनिटभर जोरात मारता येईल, एवढं तिने करावं. मालवण-तारकर्लीला पहिल्यांदाच बुडी मारणाऱ्या पर्यटकाला तर तेवढीही गरज नसते. प्रशिक्षकच त्याला धरून नेतो.

दुकानात फूट पॉकेट (फिनमधला पाय घालायचा भाग) एका हाताने घट्ट धरा आणि पात्याचं टोक दुसऱ्या हाताने दाबा. पातं टोकाकडून मुळाकडे क्रमाने वाकलं पाहिजे. बोटांपाशीच बिजागरीसारखं मोडत असेल तर ती फिन ठेवून द्या. पायात घालून पाहताना टाच हलता कामा नये. सैल फिनमध्ये पायाचा जोर पात्यापर्यंत पोचण्याआधीच मुरतो. घरी आणल्यावर ती मिठाच्या पाण्याच्या पिंपात सोडली की तरंगते की बुडते ते कळतं, आणि बुडणारी असेल तर सामान तोलायच्या हुकाच्या काट्याला लटकवून बुडवली की पाण्यातलं वजन ग्रॅममध्येही कळतं.

वजन वाचवायची सगळ्यात सोपी जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टाचेला पट्टा असलेल्या फिनबरोबर जाड तळाचे बूट घ्यावे लागतात, आणि बुटांची जोडी पुष्कळदा पात्यांत वाचवलेलं वजन परत भरून काढते. कोमट पाण्यात, बोटीवरूनच उतरायचं असेल तर टाच झाकणारी बिनबुटाची फिन पुरते. खडकाळ किनाऱ्यावरून चालत उतरणार असाल तर मात्र बूट हवेतच. आणि प्लास्टिकच्या हलक्या फिन्स टोकावर उभ्या करून ठेवू नका, मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर नाहीच. पात्याला पडलेला बाक सहसा पुन्हा सरळ होत नाही.